मदत हवी आहे : रानकांदा खाण्यायोग्य आहे का?

शेतवाट :
बांध दुरुस्त करताना कांद्यासारखे पुष्कळ कंद निघाले असून गडीमाणसे त्यांना रानकांदा म्हणतात. याचे शास्त्रीय नाव काय आणि याची भाजी करता येते का, हे कृपया लवकर सांगावे, कारण उद्या घरी पाहुणे येणार आहेत.

हरितपर्ण :
जागा कोणती, फुले कधी आली, पाने कशी आहेत, कापल्यावर कांद्याचा वास येतो का, यांपैकी काहीही आपण लिहिलेले नाही. ओळख पटेपर्यंत कंद शिजवू नयेत.

डोंगरयात्री :
ही बहुधा फोडशी असावी, जिला काही भागांत कुलू म्हणतात. पहिल्या पावसानंतर आम्ही तिची कोवळी पाने आणतो आणि मूगडाळ घालून केलेली ती भाजी फार चविष्ट लागते.

हरितपर्ण :
मी सहमत नाही. फोडशीची पाने खातात आणि तिला जमिनीखाली मांसल मुळांचा झुबका असतो, तर येथे प्रश्न कंदाचा आहे.

शेतवाट :
जागा पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेकडील माळरानाची आहे. उन्हाळ्यात एकही पान नसताना उंच दांड्यावर मळकट रंगाची फुले होती आणि आता पट्टीसारखी पाने फुटत आहेत. कंदाला कांद्यासारखेच पापुद्रे आहेत, वास मात्र मुळीच नाही, आणि सोलणाऱ्याच्या हातांना खाज सुटली आहे.

औषधप्रेमी :
मग हा कोळकांदा आहे. आयुर्वेदात तो कफावर सांगितला आहे, तेव्हा थोडा रस मधातून घेण्यास हरकत नाही.

हरितपर्ण :
ओळख बरोबर आहे, परंतु सल्ला धोकादायक आहे. याचे शास्त्रीय नाव ड्रिमिया इंडिका असून जुन्या पुस्तकांत तो अर्जिनिया इंडिका या नावाने सापडतो. आपल्या कांद्याच्या ॲलियम या प्रजातीशी त्याचा संबंध नाही. त्यात हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करणारी ग्लायकोसाइड द्रव्ये असल्यामुळे औषधाची मात्रा आणि विषाची मात्रा यांत अंतर फार थोडे राहते, आणि ही मात्रा घरी चमच्याने मोजता येत नाही.

औषधप्रेमी :
वैद्य हे औषध देतात, हे आपण नाकारू शकत नाही.

हरितपर्ण :
नाकारत नाही, ते तज्ज्ञ वैद्यांनीच द्यावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

बागप्रेमी :
कुंडीत लावायचा असल्यास पाण्याचा चांगला निचरा होणारी माती घ्यावी.

शेतवाट :
लावण्याचा विचार नाही. काढलेल्या कंदांचे काय करावे?

हरितपर्ण :
हातमोजे घालून ते माळावरच पुन्हा पुरावेत, स्वयंपाकघरातील कांद्यांजवळ ठेवू नयेत आणि खाज सुटलेले हात भरपूर पाण्याने धुवावेत. कोणी चुकून खाल्ला असल्यास उलट्या होण्याची वाट न पाहता कंदाचा तुकडा सोबत घेऊन ताबडतोब रुग्णालयात जावे.