पाच लाखांचं कार्ड की गल्लीतला दवाखाना? सरकारनं पैसा आधी कुठे घालावा?

धायरीकर:
2024 च्या जुलैपासून महात्मा फुले जनआरोग्य योजना पांढऱ्या कार्डवाल्यांनाही लागू झाली. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार. फ्लेक्स सगळ्यांनी पाहिलेच असतील. माझं म्हणणं एवढंच, की ॲडमिट झाल्यावर बिल भरणं याला आरोग्य धोरण म्हणायचं असेल, तर आपण उलट्या टोकानं सुरुवात केली आहे.

2025 च्या जानेवारीत आमच्या पुण्यात सिंहगड रोडवर जीबीएसची, म्हणजे नसांवर घाला घालणाऱ्या गुलेन-बारे सिंड्रोमची साथ आली. नांदेड, किरकटवाडी, नांदोशी, खडकवासला ही गावं 2021 मध्ये महापालिकेत आली. हद्द वाढली, पण पाणी विहिरीतूनच, नुसतं क्लोरीन घालून. शुद्धीकरण केंद्र नाही. रुग्णांच्या नमुन्यांत एनआयव्हीला (पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था) कॅम्पिलोबॅक्टर सापडला, म्हणजे दूषित अन्नपाण्यातून पोटात जाणारा जंतू. चालती-फिरती माणसं पाय लुळे पडून आयसीयूत गेली. त्यावरच्या इम्युनोग्लोब्युलिन इंजेक्शनाचा डोस वजनावर ठरतो आणि एकेक बाटली हजारोंची. सरकारनं ससून, कमला नेहरू आणि वायसीएम या सरकारी-पालिकेच्या हॉस्पिटलांत मोफत उपचार जाहीर केले, ते बरंच केलं. पण तेव्हा दारोदार ओटी टेस्ट चालली होती. नळाचं पाणी काचेच्या नळीत घ्यायचं, थेंब टाकायचे, पिवळं झालं तर क्लोरीन आहे. आमच्या सोसायटीत टँकरच्या पाण्याला पिवळेपणाचा लवलेश नव्हता. या टेस्टला किती पैसे लागतात आणि त्या इंजेक्शनाला किती, ते बघा.

भवानी पेठ:
धायरीकर, तुमचं पाण्याचं मान्य. पण म्हणून योजनेला नावं ठेवू नका. माझ्या वडिलांना हार्ट अटॅक आला तेव्हा पेठेतला दवाखाना काय करणार होता? बीपी बघून मोठ्या हॉस्पिटलला न्या म्हणाला असता. केशरी कार्डावर अँजिओप्लास्टी झाली, खिशातून एक रुपया गेला नाही. काउंटरवरच्या आरोग्यमित्रानं (हॉस्पिटलातला योजनेचा माणूस) कागद लावले, संध्याकाळपर्यंत अप्रूव्हल आलं. याआधी आमच्यात असं काही झालं की आधी सोनं जायचं, मग गावाकडची जमीन. ज्याच्याकडे विकायला काही नाही, त्याच्यासाठी समता म्हणजे हेच कार्ड.

धायरीकर:
दादा, वडिलांची तब्येत आता बरी असेल अशी आशा. कार्ड बंद करा असं मी म्हटलेलंच नाही. मला एक सांगा, अटॅकच्या आधी दहा वर्षं त्यांना बीपी होतं का? गोळ्या कुठून घ्यायचे? योजना मुळात ॲडमिट झाल्यावरची आहे, रोजच्या बीपी-शुगरच्या गोळ्या त्यात बसत नाहीत. स्टेंटला पैसे आहेत, पण स्टेंट टाळणाऱ्या गोळीला नाहीत.

भवानी पेठ:
बीपी होतं. गोळ्या मेडिकलमधून आणायचे, पगार झाला की पूर्ण पट्टी, महिनाअखेरीला अर्धी. त्या पालिकेच्या दवाखान्यात फुकट मिळतात हे माहीत होतं. पण ते हमाली करायचे. सकाळी ओपीडीच्या लाइनीत उभं राहिलं की त्या दिवसाची मजुरी गेली. तुमचा दवाखाना गरिबाच्या वेळेला उघडा असतो का, ते आधी बघा.

सिस्टर_येरवडा:
भवानी पेठवाले दादा लाख बोललात. मी कंत्राटी आहे, वस्तीत फिरते. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत सगळं मोफत केलं. (ससून त्यात येत नाही, ते वैद्यकीय शिक्षण विभागाकडे आहे, आणि हे पेशंटला समजावताना तोंडाला फेस येतो.) पण आमच्या बायकांना केस पेपरचे पैसे कधी अडले नव्हतेच. त्या धुणंभांडी उरकून दीड-दोनला मोकळ्या होतात, तेव्हा ओपीडी आवरलेली असते. म्हणून मला सरकारच्या ‘आपला दवाखाना’ योजनेची दुपारी दोन ते रात्री दहाची वेळ पटली. योजना कागदावर उत्तम. पण डॉक्टर कंत्राटी, फार्मासिस्ट कंत्राटी, आम्हीही कंत्राटी. बीपीच्या पेशंटला दर महिन्याला तोच चेहरा दिसला तर तो गोळी सोडत नाही. इथे चेहरे बदलत राहतात.

एमबीबीएस_कोथरूड:
दुसरी बाजूही ऐका. माझं छोटं नर्सिंग होम आहे. योजनेत या म्हणून सगळे सांगतात. पॅकेजचा दर असा, की भाडं, स्टाफ, ऑक्सिजन धरला तर पदरचे घालायची वेळ येते. पैसे मिळतात तेही सवडीनं. मोठ्या हॉस्पिटलांना हे परवडतं, लहान बाहेर राहतात, मग पेशंटला जवळचं हॉस्पिटल मिळत नाही. समता आणायची तर सरकारनं स्वतःच्या पैशानं आणावी, आमच्या खिशातून नको.

सदाशिव_401:
डॉक्टरसाहेब, लहान नर्सिंग होमचं ठीक. पण धर्मादाय हॉस्पिटलांचं काय? ट्रस्ट म्हणून सवलती घेतल्यात. हायकोर्टाच्या 2006 च्या योजनेनुसार 10 टक्के खाटा निर्धनांना मोफत, 10 टक्के दुर्बलांना सवलतीत, आणि बिलांच्या 2 टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकायची. तातडीच्या पेशंटला अनामत न मागता आधी दाखल करायचं. हा कायदा आहे, उपकार नव्हे. आमच्या कामवाल्या मावशींच्या मुलाला एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात खाट हवी होती. तीन मजले फिरून समाजसेवा अधीक्षक सापडले आणि तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणा म्हणाले. पेशंट खाली स्ट्रेचरवर!

एमबीबीएस_कोथरूड:
ट्रस्टवाल्यांची वकिली मी करत नाही. त्यांना जरूर धरा.

करदाता:
मुळात सगळं फुकट द्यायचंच कशाला? फुकटाची किंमत नसते. नाममात्र फी ठेवा, गर्दी कमी होईल. आणि जीबीएसचे सगळे रुग्ण सिंहगड रोडचे नव्हते, पिंपरी-चिंचवडमध्येही सापडले. सगळं पाण्यावर ढकलू नका.

धायरीकर:
सगळे नव्हते, पण घोळका कुठे होता? नाममात्र फीनं गर्दी कमी होते हे खरंच आहे, फक्त कमी होणारे लोक कोण ते बघा. हमाली करणारे आधी गळतात. राष्ट्रीय आरोग्य धोरण 2017 मध्ये लिहिलं होतं की 2020 पर्यंत राज्यांनी बजेटच्या 8 टक्क्यांहून जास्त पैसा आरोग्यावर घालावा. महाराष्ट्र तिथवर पोचलेला नाही. तमिळनाडूत औषधखरेदीचं महामंडळ 1994 पासून आहे. आपण ते काम आधी हाफकिन या सरकारी लस-औषध कंपनीकडे दिलं, मग 2023 मध्ये वेगळं प्राधिकरण काढलं. औषधं बाहेरून आणा ही चिठ्ठी यातूनच येते.

शनिवारवाडा_गेट:
सरकारी सक्तीनं आरोग्य येत नाही, 1897 मध्ये रँडनं प्लेगच्या नावाखाली घरात घुसून काय केलं ते पुणं विसरलेलं नाही.

सिस्टर_येरवडा:
पुण्यात आरोग्यावर चर्चा आणि रँड आला नाही असं झालंय का कधी! त्याच प्लेगमध्ये सावित्रीबाई फुल्यांनी रुग्ण उचलून मुलगा यशवंतच्या दवाखान्यात नेले आणि त्याच लागणीनं 10 मार्च 1897 ला गेल्या. तेही लक्षात असू द्या. आणि इथे सक्ती कोण मागतंय? मी रात्री दहापर्यंत उघडा दवाखाना आणि पक्की नोकरी मागतेय.

भवानी पेठ:
सिस्टरताई, दोन्ही मागा. पण एकाला पैसे देण्यासाठी दुसरं कापायची वेळ आली तर मी कार्डाच्या बाजूनं. पाणी सुधारायला दहा वर्षं लागतील, अटॅक रात्री येतो.

धायरीकर:
आणि मी पाण्याच्या बाजूनं. दहा वर्षं लागणार म्हणूनच आज सुरुवात पाहिजे.

वारजे_माळवाडी:
मध्येच विचारतो, माफ करा. आईचं पांढरं रेशनकार्ड आहे, गुडघ्याचं ऑपरेशन सांगितलंय. हॉस्पिटलवाले म्हणतात कार्ड ऑनलाइन दिसत नाही. काय करू?

सिस्टर_येरवडा:
कार्डाचा 12 अंकी नंबर आहे का बघा. नसेल तर आधी रेशनच्या परिमंडळ कार्यालयात जाऊन ऑनलाइन नोंद करून घ्या, आईचं आधार जोडा. मग योजनेच्या हेल्पलाइनला, 155388 ला फोन करून गुडघ्याचं ऑपरेशन कुठल्या हॉस्पिटलात बसतं ते विचारा. काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव असतात, त्यामुळे आधी विचारूनच आईला हलवा.