बाटलीवर ‘अमेरिकेत नोंदणीकृत’ लिहिलंय, पंपाच्या टाकीत ओतावी का?

पारोळ्याची लेक

नमस्कार. पारोळा तालुक्यात महामार्गावर आमचा पंप आहे. मार्चमध्ये बाबांना अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून पंप मी बघते. बी.कॉम. झालेय, हिशेबाची भीती नाही. बाकीचं अजून शिकतेय.

गेल्या आठवड्यात एक विक्रेता आला. अर्ध्या लिटरच्या बाटल्यांची पेटी घेऊन. आत डिझेलमध्ये टाकायचं पिवळसर औषध, झाकण उघडलं की थिनरसारखा वास. १००० लिटर डिझेलला १ लिटर, असं प्रमाण. म्हणाला, ‘ताई, सरळ जमिनीतल्या टाकीत ओता, गाड्यांचा ॲव्हरेज वाढला की ट्रकवाले तुमच्याच पंपावर थांबतील. थोड्या बाटल्या काउंटरवरही ठेवा, कमिशन वेगळं.’ बाटलीवर इंग्रजीत छापलंय की अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेकडे, म्हणजे ईपीएकडे, याची नोंदणी झालेली आहे. त्याच्याकडे एका पत्राची झेरॉक्सही होती.

बाबांना अजून नीट बोलता येत नाही. पेटी दाखवली तर एवढंच म्हणाले, ‘घाई कसाले करस? बठ्ठं लिखी ठेव.’

लिहून ठेवण्यात आम्ही कमी नाही. रोज सकाळी साडेसहाला ५०० मिलीच्या जारमध्ये नमुना घेते, हायड्रोमीटर आणि थर्मामीटर सोडते, फिरणं थांबलं की डोळा पातळीला आणून वाचते. काल डिझेलची डेन्सिटी, म्हणजे घनमीटरला किती किलो, ३६ अंशाला ८१५ आली, तक्त्यावरून १५ अंशाला ८२९.७. टँकरच्या चलनावर ८२९.४ होतं. फरक ३ च्या आत, म्हणून विक्री सुरू.

माझे दोन प्रश्न. औषध ओतल्यावरही डेन्सिटी या ३ च्या आत राहिली, तर चालतं ना? आणि अमेरिकेची नोंदणी म्हणजे तिथल्या सरकारने माल तपासून पास केला, असंच समजायचं का? पेटी अजून ऑफिसात पडून आहे, तो सोमवारी येणार आहे.

शिरपूर पंपवाला

ताई, आधी एक काम करा. पेटी ऑफिसातून हलवा. थिनरसारखा वास म्हणजे ज्वलनशीलता जास्त असू शकते, आणि ऑफिसात संगणक, इन्व्हर्टर सगळं असतं. विक्रेत्याकडून एसडीएस, म्हणजे मालाच्या धोक्यांची माहिती देणारं पत्रक मागा. त्यात फ्लॅश पॉइंट, म्हणजे मालाची वाफ ठिणगीने पेटू शकते ते किमान तापमान, दिलेला असतो. तो २३ अंशांच्या खाली असेल तर माल पेट्रोलच्या वर्गात, म्हणजे ‘अ’ वर्गात जातो. पेट्रोलियम कायद्यात परवान्याशिवाय ३० लिटरपर्यंत ‘अ’ वर्गाची सूट आहे, पण विक्रीसाठी नसलेल्या साठ्याला. काउंटरवर मांडलेला माल विक्रीचाच. तुमचा नमुना १४ चा परवाना टाक्या आणि पंपासाठी आहे, बाटल्यांच्या गोदामासाठी नाही.

आता डेन्सिटी. इथे तुमची समजूत चुकतेय, आणि माझीही पहिली दहा वर्षं हीच समजूत होती म्हणून सविस्तर लिहितो. तुमची टाकी २०,००० लिटरची धरू. औषध लागेल २० लिटर, म्हणजे ४० बाटल्या. डिझेल ८३० आणि औषध ९०० धरलं तरी मिश्रणाची डेन्सिटी ०.०७ ने वाढेल. हायड्रोमीटरवर ते दिसणारसुद्धा नाही. रॉकेल किंवा सॉल्व्हंट मोठ्या प्रमाणात मिसळलं तर डेन्सिटीत कळू शकतं. हजारात एक भाग टाकला तर रजिस्टर जसंच्या तसं सुंदर दिसेल, आणि माल मात्र बिघडलेला असू शकेल.

तो बिघाड लॅबमध्ये सापडतो. बीएस-६ (भारत स्टेज-६ प्रदूषण मानक) डिझेलमध्ये गंधकाची मर्यादा किलोला १० मिलिग्रॅम आहे. औषधात किलोला ५००० मिलिग्रॅम गंधक असेल तर हजारात एक भागानेच ५ वाढतात. मुळात ८ असेल तर झाले १३. फ्लॅश पॉइंटचंही तसंच, आयएस १४६० या डिझेलच्या भारतीय मानकाप्रमाणे तो किमान ३५ अंश हवा. नाफ्थासारखं हलकं द्रावक थोडं जरी गेलं तरी तो खाली येतो.

२००५ च्या मोटर स्पिरिट (पेट्रोल) आणि हायस्पीड डिझेल आदेशात भेसळीची व्याख्या वाचा. परवानगीशिवाय बाहेरचा कुठलाही पदार्थ गेला आणि माल मानकात बसला नाही, की ती भेसळ. ‘चांगल्यासाठी टाकलं होतं’ याला तिथे जागा नाही. हा आदेश जीवनावश्यक वस्तू कायद्याखालचा आहे. शिक्षा ३ महिन्यांपासून ७ वर्षांपर्यंत. आणि कारवाई होते ती परवान्यावर ज्याचं नाव आहे त्याच्यावर. तुमच्याकडे ते बाबांचं असेल.

जळगावचा, सध्या टेक्सासात

ताई, मी इथे इंधन कंपनीत नोंदणी आणि अहवालांचंच काम करतो, म्हणून दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो. नाही, पास केलं असं समजायचं नाही.

इथे क्लीन एअर कायद्याच्या कलम २११ खाली रस्त्यावरच्या गाड्यांचं पेट्रोल, डिझेल आणि त्यात टाकायची औषधं यांची ईपीएकडे नोंदणी करावीच लागते, त्याशिवाय विकता येत नाही. इंजिन ऑइलमध्ये टाकायची औषधं यात येत नाहीत. अर्जात काय भरायचं असतं? कोणतं संयुग वजनाने किती टक्के, कोणत्या इंधनासाठी, जास्तीत जास्त किती प्रमाण, कशासाठी टाकायचं, आणि ते इंधनात ओळखायची तपासणी कोणती. माहितीत बदल झाला तर ३० दिवसांत लेखी कळवायचं. आयात करणारासुद्धा इथे उत्पादकच धरला जातो, म्हणजे ही सगळी जबाबदारी त्याच्यावर येते.

ॲव्हरेज खरंच वाढतो का, हे या नोंदणीत कोणी तपासत नाही. सरकारला जाणून घ्यायचं असतं ते हे, की जळाल्यावर हवेत काय जातं आणि माणसाच्या फुप्फुसाला त्याचा काय त्रास होतो. १९९४ च्या नियमांनी त्यासाठी तीन टप्पे ठरवले. पहिल्यात उपलब्ध अभ्यास आणि धुराचं विश्लेषण, दुसऱ्यात ९० दिवस प्राण्यांना तो धूर देऊन चाचण्या, तिसरा गरज वाटली तर. पण वर्षाला ५ कोटी डॉलरपेक्षा कमी उलाढाल असलेल्या छोट्या कंपनीच्या औषधात फक्त कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन, नायट्रोजन आणि गंधक एवढेच घटक असतील, तर तिला पहिल्या दोन टप्प्यांतून सूट मिळते. म्हणजे त्या बाटलीची एकही चाचणी न होता नोंदणी झालेली असू शकते, आणि तेही पूर्ण कायदेशीर. मँगनीज, लोह असे धातू असतील तर नियम कडक होतात, आणि ते योग्यच आहे. जळाल्यावर धातूची राख उरते आणि ती गाडीच्या धूर गाळणाऱ्या फिल्टरमध्ये जाऊन बसते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. अर्ज करतानाच उत्पादक लिहून देतो की या नोंदणीचा अर्थ अमेरिकी सरकारची शिफारस, प्रमाणपत्र किंवा मंजुरी असा आम्ही कुठेही भासवणार नाही. पत्रात नाही, जाहिरातीत नाही, तोंडीसुद्धा नाही. तुमच्याकडे आलेला माणूस नेमकं तेच करतोय. नोंदणी झालेल्या औषधांची यादी ईपीएच्या संकेतस्थळावर कोणालाही बघता येते. बाटलीवरचं नाव आणि उत्पादक तिथे शोधा. सापडलं तरी वर लिहिलं तेवढाच त्याचा अर्थ. आणि शिरपूरच्या काकांनी सांगितलेल्या आदेशासमोर ते कागद काहीच कामाचे नाहीत.

केळीवाला, रावेर

पंपावरून डिझेल भरताना आम्ही फक्त मीटरचा शून्य बघतो. टाकीत आणखी काही ओतलं असेल तर आम्हाला कळायचा मार्गच नाही. केळीचा ट्रक दिल्लीच्या वाटेवर बंद पडला तर माल खराब होऊ लागतो. ज्याला औषध टाकायचं त्याने स्वतःच्या गाडीत टाकावं ना. पंपवाल्याने सगळ्यांच्या वतीने ठरवू नये. ताई, तुम्ही आधी विचारलं हे फार बरं केलं.

पारोळ्याची लेक

सगळ्यांचे आभार. काल रात्रीच पेटी ऑफिसातून काढून टाक्यांपासून आणि वायरिंगपासून लांब, मागच्या उघड्या शेडमध्ये सावलीत ठेवली, कुलूप लावलं. विक्रेत्याला फोन करून एसडीएस मागितलं. ‘कंपनीकडून पाठवतो’ म्हणाला, अजून आलेलं नाही. यादीत शोधलं. बाटलीवरच्या नावाशी मिळतंजुळतं एक नाव सापडलं, पण उत्पादक वेगळा. झेरॉक्सवर उत्पादकाचं नाव होतं ती ओळ नेमकी घडीत पुसलेली आहे.

काका, तुमचा ०.०७ चा हिशेब मी डेन्सिटी रजिस्टरच्या पुठ्ठ्यावर आतून चिकटवलाय. मला खरंच वाटत होतं की आकडा जुळला म्हणजे आपण सुरक्षित. बाबांना तुमचं आणि टेक्सासचं, दोन्ही उत्तरं वाचून दाखवली, त्यांनी दोन्ही वेळा होकारार्थी मान हलवली.

सोमवारी पेटी परत. घेतल्याची पावती मी सही करून दिली होती, आता परत दिल्याची त्याच्याकडून घेणार, बाटल्या मोजून. २४ पैकी एकीचं सील मी वास बघायला तोडलंय, तिचे पैसे देईन. आमच्या तेल कंपनीच्या विक्री अधिकाऱ्यांनाही आजच मेल टाकलाय की असा माल पंपांवर फिरतोय. धरणगावच्या पंपावर तो आधी जाऊन आला असं म्हणत होता, त्यांना मी स्वतः फोन करते.