क्लासिकल गिटारनंतर बँजो: फिंगरपिक न घालता जमेल का?

सहावीतार: पाच तारांचा बँजो घेतलाय. फिंगरपिक (बोटांत घालायच्या कृत्रिम नख्या) नकोत, पण स्टीलच्या तारांवर नखं झिजतात. उपाय?

खुंटी: सरळ नायलॉनच्या तारा लावा. १९०० च्या आसपास बँजो आतड्याच्या तारांवर उघड्या बोटांनीच वाजवत. नायलॉनच्या टोकाला लूप (अडकवायचा फास) नसतो, टेलपीसला (तारा खाली जिथे अडकवतात त्या पट्टीला) गाठ मारावी लागते. ब्रिजच्या (तारा ज्यावर टेकतात त्या घोडीच्या) खाचा कानसून रुंद करा, नाहीतर जाड तार वरच बसते नि निसटते. ब्रिज चिकटवलेला नसतो. तो सरकवून बाराव्या फ्रेटवरचा (पडद्यावरचा) हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून निघणारा सूर) आणि तिथेच दाबलेला सूर जुळवून घ्या.

मंद्रसप्तक: स्टीलच ठेवायचं असेल तर पहिली तार ०.००९ इंचाची असलेला हलका संच घ्या, नखं कापा, बोटाच्या गराने छेडा. आवाज कमी येतो, येऊ दे. खरी गोची अंगठ्याची! गिटारवर तिथे खर्ज असतो, इथे पाचवी तार सगळ्यात चढ्या सुराची (पाचवीपासून पहिलीपर्यंत जी-डी-जी-बी-डी). तिसरी-दुसरी-पाचवी-पहिली असं घोटा: अंगठा, तर्जनी, अंगठा, मधलं बोट. अगदी सावकाश.

सहावीतार: करंगळी टेकवायची का?

खुंटी: ब्रिजजवळ, बँजोच्या ताणलेल्या कातड्यावर, हलकीच. दाबलीत की कातड्याचं कंपन अडतं, सूर बसका येतो.