चव तीच आहे म्हणून मालक कोण हे विचारायचंच नाही का?

रानवारा

परवा इथेच एकाने लिहिलं की मोठ्या कंपनीने क्राफ्ट ब्रुअरी (छोटा, स्वतंत्र बिअर कारखाना) विकत घेतली की गळे काढणारे सगळे ढोंगी, ग्लासातली चव तीच असेल तर मालकाशी पिणाऱ्याला काय देणंघेणं. दोन दिवस डोक्यातून जात नाहीये म्हणून वेगळा धागा काढतोय.

चवीचं मान्य. बऱ्याचदा चव तीच राहते, कधी सुधारते पण, मोठ्यांची लॅब चांगली असते. पण भांडण चवीचं नाहीच, भांडण टॅपचं आहे, म्हणजे बारमधल्या बिअरच्या नळाचं. बारमध्ये टॅप मोजके, दुकानात शेल्फ मोजकं. एबी इनबेव्ह या जगातल्या सगळ्यात मोठ्या बिअर कंपनीने २०११ मध्ये शिकागोची गूस आयलंड ३.८८ कोटी डॉलरला घेतली, मग ब्लू पॉइंट, टेन बॅरल, एलिसियन, विकेड वीड अशी रांगच लागली. आता त्यांचा माणूस एकाच ट्रकमध्ये लागर, आयपीए, स्टाउट अशी सगळ्या प्रकारची बिअर घेऊन येतो, बारवाल्याला एक फोन आणि एक बिल. गिऱ्हाइकाला वाटतं इथे पाच वेगळ्या ब्रुअऱ्यांचा माल आहे, पैसे सगळे एकाच गल्ल्यात. २०१५ मध्ये तर डिस्ट्रिब्युटरांना स्कीम होती की तुमच्या विक्रीत ९८ टक्के आमचा माल असेल तर तुमच्या वाट्याच्या मार्केटिंग खर्चातला ७५ टक्क्यांपर्यंत आम्ही भरू. पुढच्या वर्षी एसएबीमिलर ही दुसरी मोठी बिअर कंपनी घ्यायचा त्यांचा सौदा मंजूर करताना अमेरिकेच्या न्याय खात्याने असल्या स्कीमवर बंधनं घातली. काही गैर नव्हतंच तर बंधनं कशाला?

काळाघोडा७

ती पोस्ट माझीच होती आणि मी त्यावर ठाम आहे.

गूस आयलंड १९८८ ची. माणसाने २३ वर्षं धंदा उभा केला, वाढवायला टाक्या हव्यात, टाक्यांना पैसा हवा, बँक किती देणार? त्याने विकलं तर तो गद्दार कसा? त्याच्या आयुष्याचा हिशोब तुम्ही का करताय? बरं, मोठे म्हणजे अजिंक्य असंही नाही. बॅलास्ट पॉइंट ही ब्रुअरी कॉन्स्टेलेशन या दुसऱ्या बड्या कंपनीने २०१५ मध्ये १०० कोटी डॉलरला घेतली आणि चारच वर्षांनी इलिनॉयमधल्या एका चिमुकल्या ब्रुअरीला विकून मोकळे झाले. एबी इनबेव्हने २०२३ मध्ये आठ ब्रँड टिलरे या दुसऱ्या कंपनीला विकून टाकले, त्यात तुमचे ब्लू पॉइंट आणि टेन बॅरल पण आहेत. बाजार आपलं आपण बघून घेतो.

रानवारा

बाजार बघून घेतो म्हणजे काय होतं ते अँकरला विचारा. १८९६ पासूनची सॅन फ्रान्सिस्कोची ब्रुअरी, जपानच्या सापोरोने २०१७ मध्ये घेतली, २०२३ च्या जुलैत बंद केली. पुढच्या वर्षी दुसऱ्या कोणी विकत घेतली म्हणून नाव तरी उरलं. जे खरेदीदाराच्या हिशोबात एक ओळ असतं ते दुसऱ्या कोणाचं आयुष्य असतं.

तिखटजाळ

मला एक सांगा, या छोट्यांचं एवढं कौतुक का? गेली दहा वर्षं सगळे एकच करतात, आयपीए, डबल आयपीए, गढूळ आयपीए. साधी स्वच्छ पिल्सनर मागितली की तोंड वाकडं. पिल्सनर ही लागरच, आणि लागरला थंड टाकीत आठवडेच्या आठवडे लागतात, तेवढी टाकी अडवून ठेवायला कोणी तयार नाही, आणि पिल्सनरमध्ये चूक झाली की आयपीएसारखी भरमसाट हॉप्सच्या (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) चवीखाली लपवता येत नाही. हे कोणी बोलत नाही.

रानवारा

तिखटजाळ, मुद्दा बरोबर आहे पण इथला नाही. वेगळा धागा काढा, मी येतो.

भटकभवानी

मी वाचून गप्प बसणार होते पण "दुसऱ्या कोणाचं आयुष्य" वाचलं आणि राहवलं नाही.

मी चार वर्षं एका छोट्या ब्रुअरीत टाक्या धुवायचे. नाव सांगणार नाही. मालक रोज म्हणायचा आपण एक कुटुंब आहोत. टाक्या धुवायच्या कॉस्टिक सोड्याने हात भाजला तेव्हा त्या कुटुंबात धड हातमोजे नव्हते, एक जोडी तिघांत फिरायची. ओव्हरटाइम मागितला की पॅशन नाही म्हणून ऐकवायचे. मग एका मोठ्या कंपनीने ती घेतली. पहिल्या महिन्यात हातमोजे, गॉगल, आरोग्य विमा, ठरलेल्या शिफ्ट. मालकाला किती मिळाले देव जाणे, आम्हाला त्यातलं काही नाही, पण निदान हात शाबूत राहिले. तुम्ही टॅपबद्दल रडताय, टाकीत उतरणाऱ्याबद्दल कोणी एक ओळ लिहिली का वर?

काळाघोडा७

हेच. हेच मी म्हणत होतो.

रानवारा

नाही, तुम्ही हे अजिबात म्हणत नव्हता, तुम्ही चव म्हणत होता. भवानीताई, तुमच्या बाबतीत झालं ते वाईटच, त्यावर मी वाद घालणार नाही. पण तो मालक नालायक होता म्हणून सगळे छोटे नालायक होत नाहीत.

भटकभवानी

आणि एक मोठी कंपनी दादागिरी करते म्हणून सगळी विक्री पाप होत नाही. हा नियम फक्त माझ्यासाठी का?

मधलीसुट्टी

कामगारांचं निघालंच आहे तर न्यू बेल्जियम या अमेरिकेतल्या ब्रुअरीचं बघा. ती अख्खी कामगारांच्या मालकीची होती. २०१९ मध्ये जपानच्या किरीनच्या कंपनीने घेतली, कामगारांनी मत देऊन विकली, आणि ३०० हून जास्त लोकांना रिटायरमेंटचे प्रत्येकी लाख डॉलरच्या वर मिळाले. कोणी फसवलं इथे? उलट अँकरच्या कामगारांनी बंद झाल्यावर स्वतः ब्रुअरी घ्यायची धडपड केली, पैसा जमला नाही. मालकी सुरुवातीपासून कोणाकडे आहे यावर सगळं आहे, कंपनी छोटी का मोठी यावर नाही.

काळाघोडा७

बघा रानवारा, विकणं म्हणजे लूट नाही. तुम्ही लोक मोठं काही दिसलं की दगड उचलता.

रानवारा

दगड? मी सहा वर्षं एका छोट्या ब्रुअरीचा माल बारोबार फिरून विकलाय. एका बारमध्ये आमचे दोन टॅप होते, तीन वर्षं, आणि आमची स्टाउट तिथे सगळ्यात आधी संपायची. एक दिवस गेलो तर टॅपवर दुसरीच हँडल. मालक डोळे चुकवत म्हणाला, त्यांनी नवा कूलर बसवून दिला रे, सगळ्या लाइन धुवून देतात, मी काय करू. मी त्याला दोष देत नाही. पण तिथे आमची चव हरली नाही, कूलर जिंकला. त्या हिवाळ्यात आमच्या दोन माणसांना घरी बसवावं लागलं, त्यातल्या एकाची बायको आठव्या महिन्यात होती. त्यांना कोणी विमा दिला नाही भवानीताई.

भटकभवानी

हे आधी लिहायचं होतं. मग मी एवढी चिडले नसते.

काळाघोडा७

कूलरचं चूक आहे. बऱ्याच ठिकाणी बेकायदा पण आहे. तेवढं देतो तुम्हाला. पण त्यावर इलाज कायदा राबवणं आहे, विक्रीच बंद करा असं नाही.

रानवारा

विक्री बंद करा असं मी कुठे लिहिलं, एक ओळ दाखवा. मला कॅनवर मालकाचं नाव हवंय, ठळक. ३१२ हा शिकागोचा फोन कोड, त्या नावाची बिअर विकत घेतल्यावर न्यूयॉर्क राज्यात बनायला लागली आणि नाव तेच. २०१७ पासून स्वतंत्र ब्रुअऱ्या उलट्या बाटलीचा शिक्का लावतात, पण म्हणजे जे स्वतंत्र आहेत त्यांनीच ओरडून सांगायचं, आणि जे विकले गेले ते गप्प.

काळाघोडा७

नाव छापायला माझी हरकत नाही. वाचणार कोणी नाही, पण छापा.

भटकभवानी

मी वाचेन. आणि छापणारच असाल तर टाक्या धुणाऱ्याला तासाला किती देता ते पण छापा, छोट्यांनी पण.

तिखटजाळ

पिल्सनरचा धागा काढलाय.