दांडा कोपरापर्यंत हवा
कायाकमधून (छोट्या, अरुंद होडीतून) मासेमारी करताना एका हाताने मारायच्या छोट्या वल्ह्याला वीतभर दांडा पुरेल, असं एकाने सुचवलंय, ते मला पटत नाही. सगळा भार मनगटावर येतो, तासाभरात मनगट भरून येतं. दांडा कोपरापर्यंत घ्या आणि कोपराखाली वेल्क्रोच्या पट्ट्याने अडकवा. गाठ मात्र नको, कायाक उलटली तर हात झटकन सुटला पाहिजे.

पात्याला 6 मिमी मरीन प्लाय (पाण्यात टिकणारं प्लायवुड), वर इपॉक्सी रेझिनचे दोन हात. कडेला सायकलच्या ट्यूबची पट्टी नक्की लावा. खारफुटीच्या कडेला उथळ पाण्यात वल्हं कायाकवर खट्कन आपटलं, की जिताडा मासा बिचकून गेलाच म्हणून समजा!

ओहोटीच्या ओढीत हे छोटं वल्हं चालत नाही, दोन पात्यांचं मोठं वल्हं सोबत असू द्याच.