१९४२ च्या 'छोडो भारत' लढ्यात चिमूर आणि आष्टी ही दोन्ही गावं इंग्रजांविरुद्ध एकाच दिवशी उठली, १६ ऑगस्टले. हे ठरलेलं होतं का?

फळा_आणि_खडू:
नमस्कार मंडळी. आमचं गाव आर्वी तालुक्यातलं, लहानसं. ग्रामपंचायतीच्या भिंतीले फळा आहे, त्यावर मी तीन वर्षांपासून रोज सकाळी दिनविशेष लिहितो, डेअरीवर दूध टाकून आलो की पहिलं काम तेच. शाळेतली पोरं जाता जाता थांबून वाचतात, काहीजण वहीत उतरवून घेतात, म्हणून चुकीचं लिहू नये असं मले मनापासून वाटते.

मागच्या १६ ऑगस्टले मोबाईलमधून पाहून दोन गोष्टी लिहिल्या, १९४६ ले कलकत्त्यात दंगली सुरू झाल्या ते आणि २०१८ ले अटलजी गेले ते. दुपारी शेजारच्या आजी आल्या, त्यांचं माहेर आष्टीचं. फळ्यासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणे, "बाबू, माह्या माहेराचं काऊन नाही लिवलं रे?" मले काय बोलावं सुचलंच नाही. आष्टी आमच्याच जिल्ह्यात, तालुक्याच्या नावातच 'शहीद' आहे, आणि मी कलकत्त्याचं लिहून मोकळा झालो. मग शोधलं तर चिमूरचंही तेच, १६ ऑगस्ट १९४२. आष्टी वर्धेच्या वरच्या टोकाले, चिमूर पार चांद्याकडं (म्हणजे चंद्रपूरकडं), तवा फोन नाही, धड सडक नाही, मग दोन्ही गावं एकाच दिवशी कशी उठली? कोणाले माहीत असेल तर सांगा. आणि असे एकाच तारखेचे आपल्याकडचे दिवस अजून असतील तर तेही सांगा, फळ्यावर घेतो.

रिटायर_गुरुजी:
बाळा, प्रश्न चांगला विचारला. मी चिमूरकडचा, ३१ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं.

आधी क्रम पाहा. ८ ऑगस्टले मुंबईत गवालिया टँकवर 'छोडो भारत'चा ठराव झाला, ९ तारखेले पहाटेच गांधीजी आणि बाकीचे पुढारी धरले. ही बातमी खेड्यापाड्यात पोचायले आठवडा लागला असं धर. तुकडोजी महाराजांच्या खंजिरीच्या भजनांनी लोकं आधीच तापलेले होते, दोन्हीकडं. आणि १६ तारखेले नागपंचमी होती, वरून रविवार. आता तू शेतकऱ्याचा पोरगा, तुले सांगायची गरज नाही की नागपंचमीले जमीन खांदत नाही, डवरा-वखर बंद. ऑगस्टात एरवी माणूस निंदण-डवरणीत अडकलेला राहते, त्या दिवशी अख्खं गाव गावातच होतं. कोणी चिठ्ठी धाडून दिवस ठरवला असं मी म्हणत नाही, पण निव्वळ योगायोगही म्हणवत नाही. सणानं माणसं एका जागी आणली आणि बातमीनं पेटवली, माझा समज असा आहे.

चिमूरले सकाळी प्रभातफेरी निघाली, गोळी चालली, बालाजी रायपूरकर नावाचा कोवळा पोरगा गेला. मग लोकांचा तोल सुटला, सरकारी अधिकारीही मारल्या गेले. आष्टीले लोकं ठाण्यावर झेंडा लावायले गेले आणि पोलिसांच्या गोळीबारात सहाजण पडले, पोलिसही मेले. नंतर चिमुरात फौज आली आणि बायांवर जे अत्याचार झाले ते लिहायले हात धजत नाही. त्याची चौकशी व्हावी म्हणून सेवाग्रामचे भन्साळी ६३ दिवस उपाशी राहिले. त्रेसष्ट दिवस. पोरांना हा आकडा नक्की सांग. खटल्यात फाशीच्या शिक्षा झाल्या होत्या, त्या १९४५ मध्ये रद्द होऊन जन्मठेप झाली.

वाचनालय_दर्यापूर:
गुरुजींनी भारी सांगितलं. माझ्या मते एकाच तारखेच्या गोष्टी सगळ्या एका मापानं मोजू नये. काही तारखा मुद्दाम निवडलेल्या असतात, जसं २६ जानेवारी १९३० ले पूर्ण स्वराज्याचा दिवस पाळला होता म्हणून राज्यघटना १९५० ले त्याच तारखेले लागू केली. १५ ऑगस्टही तसाच, १९४५ ले त्या दिवशी जपाननं शरणागती जाहीर केली होती, तवा माउंटबॅटन तिकडं सेनापती होता, त्यानं तीच तारीख धरली. आणि १४ ऑक्टोबर १९५६, बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षेले विजयादशमीचा दिवस निवडला, अशोकाची आठवण म्हणून.

आणि काही ठिकाणी तर तारीख एक पण दिवस एक नाही. आम्ही वाचनालयात २३ एप्रिलले पुस्तक दिन करतो, शेक्सपिअर आणि स्पेनचा सर्व्हांतेस दोघंही २३ एप्रिल १६१६ ले गेले असं सांगतात. पण स्पेननं नवीन कॅलेंडर १५८२ लेच घेतलं होतं आणि इंग्लंडनं १७५२ ले, म्हणून शेक्सपिअर खरं तर दहा दिवसांनी गेला. सर्व्हांतेसचीही २३ ही दफन केल्याची तारीख, जीव आदल्या दिवशीच गेला होता. चिमूर-आष्टीचं तसं नाही, तिथं खरंच एकच सूर्य उगवला होता.

सिंदखेडची_लेक:
आमच्याकडची १२ जानेवारी घ्या दादा. १५९८ ले जिजाऊ आमच्या सिंदखेडराजात लखुजीराव जाधवांच्या वाड्यात जन्मल्या आणि १८६३ ले त्याच तारखेले कलकत्त्यात विवेकानंद. आता गंमत बघा, विवेकानंद जन्मले त्या दिवशी मकर संक्रांत होती, म्हणजे तवा संक्रांत १२ तारखेले यायची आणि आता १४-१५ ले येते, साधारण सत्तर वर्षात एक दिवस पुढं सरकते. माझी आजी म्हणायची संक्रांतीची तारीख कधी बदलत नाही, मलेही तेच खरं वाटायचं. जिजाऊंचं तिथीनं पाहाल तर पौष पौर्णिमा, पण माणसांचा पूर लोटतो तो १२ जानेवारीलेच. त्या दिवशी गावात पाय ठेवायले जागा नसते आणि मले दरवर्षी तितकंच भरून येते.

धामनदी_काठ:
विनोबांचा आश्रम आहे त्या पवनारजवळचा आहे, म्हणून ११ सप्टेंबर सांगतो. १८९३ ले विवेकानंदांचं शिकागोचं भाषण, १८९५ ले विनोबांचा जन्म कोकणात गागोद्याले, १९०६ ले गांधीजींनी जोहान्सबर्गच्या सभेत अन्यायी कायदा न मानण्याची शपथ घेतली, सत्याग्रहाची सुरुवात तीच. पोरांना ११ सप्टेंबर म्हटलं की २००१ चे अमेरिकेतले टॉवरच आठवतात, ते लिहायचंच, पण विनोबा खाली राहायले नको. हा मात्र योगायोगच, यात कोणाचा हात नाही.

फळा_आणि_खडू:
सगळ्यांचे आभार, मी हे वहीत उतरवून घेतलं. गुरुजी, नागपंचमीचं वाचलं आणि तसाच उठून आजीकडं गेलो. त्या तवा पाळण्यात होत्या, पण त्यांची आई सांगायची म्हणे की सणाचं केलेलं तसंच चुलीपाशी राहिलं, त्या दिवशी घरात कोणी जेवलं नाही. मी विचारलं, आजी, तारखेले लिहू का तिथीले? त्या म्हणे, "दोन्ही दिवशी लिव. आन् चिमूरवाल्यायचं नाव बी आमच्यासंगच लिवजो."