मदत हवी आहे: पणजोबांची पलटण आणि शेती, नोंदी कुठे शोधू?

नमस्कार मंडळी. पणजोबा पहिल्या महायुद्धात शिपाई होते, परतल्यावर काटोल तालुक्यात शेती केली. हाती पुरावा एकच, १९१४-१८ चं युद्धपदक. चांदीचं आहे, म्हणजे लढाऊ शिपाईच (हमाल-भिस्त्यांना ब्राँझचं मिळे). कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि '१११ महार' कोरलंय. आडनाव नाही, नंबरचे शेवटचे आकडे झिजलेत. कोणीतरी चिंचेने घासघासून चकाकवलंय! ही पलटण १९१७ मध्ये उभी राहिली, १९२१ मध्ये मोडली.

राष्ट्रकुल युद्धस्मारकांची यादी पाहिली, पण ती मृतांची. सातबारा आजोबांपासूनच दिसतो. १९५१ मध्ये मालगुजारी (आमच्याकडची जमीनदारी) गेली, त्याआधी पणजोबा कूळ असावेत. कोतवाल बुकात (गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीत) मृत्यूची नोंद मिळाली, त्यात पलटणीचं काहीच नाही. पेन्शनचे कागद घरात नाहीत. दिल्लीला जाणं सध्या जमणार नाही. नागपुरात किंवा पत्राने होईल तेच सांगा.

मोडलेल्या पलटणीच्या भरतीबद्दल सागरच्या महार रेजिमेंट केंद्राला लिहू की दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराला? आणि जुन्या बंदोबस्ताच्या (जमिनीची मोजणी-सारा आकारणीच्या) कागदांत कुळांची नावं सापडतात का? नकलेच्या अर्जात नेमकं काय मागायचं?